अडीच घटकांचा खेळ

फेब्रुवारी २०१७ मधला एक सोमवार, पहाटेचे पाच. नेरूळच्या आमच्या घरात उजेड होता तो फक्त टीव्हीचा. भाचा मुक्कामाला आला होता. ऐरोलीच्या एका कंपनीत तो अमेरिकेच्या वेळेने काम करतो, त्यामुळे रविवारची सुट्टी असली तरी रात्री त्याला झोप म्हणून येत नाही. तिकडे ह्यूस्टनमध्ये रविवारची संध्याकाळ होती आणि सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, सुरू होत होता. मी यथावकाश उठलो, चहा घेतला, फिरून आलो, आंघोळ उरकली. सव्वाआठच्या सुमारास डबा पिशवीत टाकून चपला शोधत होतो, तेवढ्यात तो ओरडला, "मामा, थांब ना, दोनच मिनिटं राहिलीत!"

मी थांबलो. घड्याळात एक मिनिट आणि काही सेकंद उरले होते आणि ते तिथेच चिकटून बसले होते. मग सुरू झालं, चार सेकंद पळालं, पुन्हा थांबलं. एकदा मात्र खेळाडू जमिनीवर लोळत होते, कोणी कोणाच्या अंगावरून उठत होतं, आणि घड्याळ निवांत पळत होतं.

"आता का नाही थांबलं?"

"तो मैदानाच्या आत पडला ना, म्हणून."

"आणि मघाशी?"

"मघाशी पास खाली पडला होता."

आपल्याकडेही 'दोन मिनिटांत आलोच' म्हणणारा माणूस अर्ध्या तासाने उगवतो, पण निदान भिंतीवरचं घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही. नऊ वाजत आले तेव्हा सामना संपला आणि माझ्या दोन-तीन लोकल सुटल्या होत्या. त्या दिवशी डब्यात उभ्या उभ्या डोक्यात घोळत राहिलं ते एकच: या खेळात वेळ मोजत नाहीत, वेळ खेळतात.

खरं तर खेळातलं घड्याळ समजून घ्यायला नेरूळसारखी जागा नाही. स्टेशनपासून जवळच असलेलं डी. वाय. पाटील स्टेडियम २००८ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून एकाच हिरवळीवर वेगवेगळी घड्याळं चालली आहेत. ६ फेब्रुवारी २०२२ ला इथे महिलांच्या आशियाई चषक फुटबॉलचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला दक्षिण कोरिया चीनविरुद्ध २-० ने पुढे होता. दुसऱ्या भागात चीनने चार-पाच मिनिटांच्या अंतरात दोन गोल करून बरोबरी साधली आणि नव्वद मिनिटं उलटून गेल्यावर, वाढीव वेळेच्या तिसऱ्या मिनिटाला, शिआओ युयीने तिसरा गोल केला. चीन ३-२ ने विजेता.

आता हा वाढीव वेळ कोणी ठरवला? पंचाने. फुटबॉलमध्ये घड्याळ कधीच थांबत नाही. खेळाडू जखमी झाला, बदली खेळाडू आला, गोलनंतर नाचगाणं झालं, तरी ते पुढे जातच राहतं. वाया गेलेल्या वेळेचा हिशेब पंच मनात आणि मनगटावर ठेवतो. शेवटी फलक वर होतो, त्यावर असतात ती 'कमीत कमी' इतकी मिनिटं. नेमकी शिट्टी कधी वाजणार हे एकाच माणसाला ठाऊक असतं. स्टेडियमवरचं भलंमोठं घड्याळ ही प्रेक्षकांची सोय, कायदा पंचाच्या मनगटावर.

त्याच मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ ला महिला विश्वचषक क्रिकेटचा अंतिम सामना झाला. दुपारी तीनला सुरू व्हायचा तो पावसामुळे पाचला सुरू झाला आणि मध्यरात्र उलटल्यावर भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवलं. दोन तास वाहून गेले, पण षटक एकही कमी झालं नाही. क्रिकेटचं माप षटकं आणि गडी, मिनिटं नव्हेत. पाऊस पडला तर पंच आकाशाकडे बघतात, मगच घड्याळाकडे.

एका टोकाला न थांबणारं घड्याळ, दुसऱ्या टोकाला घड्याळच नाही. अमेरिकन फुटबॉल या दोहोंपैकी कुठेच बसत नाही. त्याचा जवळचा नातेवाईक शोधायचा तर स्टेडियम सोडून गावठाणात जावं लागतं. घणसोली, कोपरखैरणे, बेलापूर या आगरी-कोळी गावांत सिडकोच्या इमारती येण्याच्या कितीतरी आधीपासून जो खेळ मुरलेला आहे, तो कबड्डी.

कबड्डीत घड्याळ आधी छातीत होतं. चढाईपटू 'कबड्डी कबड्डी' म्हणत एका दमात पलीकडे जायचा. दम तुटला की बाद. प्रत्येकाचं घड्याळ वेगळं, आणि ते वाचायला पंचाचा कान लागायचा. दम खरंच तुटला की नुसता आवाज दबला, यावरून झालेली भांडणं जुन्या खेळाडूंना विचारावीत. पुढे चढाईला तीस सेकंदांची मर्यादा आली. दमाचा नियम पुस्तकातून गेलेला नाही, पण आता खरा धाक त्या तीस सेकंदांचा.

मर्यादा आली की पळवाटही येते. पुरुषांचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा. समजा, शेवटची चार मिनिटं उरली आहेत आणि आपण सहा गुणांनी पुढे आहोत. अशा वेळी शहाणा चढाईपटू काय करतो? आरामात जातो, निदान रेषा ओलांडतो, दोन्ही हात पसरून दोन-चार हूल देतो, डोळा घड्याळावर ठेवून अठ्ठावीस सेकंदांनी परत येतो. गुण शून्य, पण अर्धं मिनिट खाल्लं. ही रिकामी चढाई. प्रेक्षक शिट्ट्या मारतात, प्रशिक्षक पाठ थोपटतो. २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा टीव्हीवर हे असलं चालणार नाही, हे लक्षात घेऊन नियम आला: सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचा, नाही तर चढाईपटू बाद. 'करो या मरो' ती हीच.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलने हेच दुखणं साठ वर्षं आधी भोगलं होतं. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्स या संघाने मिनियापोलिस लेकर्सविरुद्ध चेंडू नुसता स्वतःपाशी धरून ठेवला आणि सामना जिंकला १९-१८ असा. बास्केटबॉलमध्ये! प्रेक्षक कंटाळले, लीग घाबरली, आणि १९५४ मध्ये एनबीएने चोवीस सेकंदांचं घड्याळ बसवलं: तेवढ्या वेळात बास्केटकडे फेकायचाच. हा चोवीसचा आकडा सिरॅक्यूजचे संघमालक डॅनी बियासोन यांनी काढला. चांगल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० वेळा फेकतात, सामना ४८ मिनिटांचा म्हणजे २,८८० सेकंदांचा, भागाकार चोवीस. इथे आपल्या जुन्या कालगणनेचा एक गमतीदार योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. लग्नघरात घंगाळातल्या पाण्यावर वाटी सोडून मोजायचे ती घटका चोवीस मिनिटांची, आणि घटकेचा साठावा भाग ते पळ, चोवीस सेकंदांचं. दोन घटका म्हणजे मुहूर्त, अठ्ठेचाळीस मिनिटं. म्हणजे एनबीएचा सामना बरोबर एक मुहूर्त चालतो आणि चेंडू फेकायला मिळतं एक पळ. बियासोन यांना यातलं काही माहीत असण्याचं कारण नाही. अमेरिकन फुटबॉलचा सामना साठ मिनिटांचा, म्हणजे अडीच घटकांचा. या अडीच घटका तीन तासांहून जास्त कशा चालतात, हा आपला मुद्दा.

खोखोचं आधी सांगून टाकतो, कारण वेळेला गुणाइतकी किंमत देणारा खेळ मराठी वाचकाला नवा नाही. पारंपरिक खोखोत डाव नऊ मिनिटांचा. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात बातमी काय येते? अमुक खेळाडूने २.४० मिनिटं संरक्षण केलं, संघ एक गुण आणि चार मिनिटं राखून जिंकला. 'राखून' हा शब्द बघा. क्रिकेटमध्ये गडी राखतात, खोखोत मिनिटं राखतात. वेळ ही शिलकीत टाकता येते, हे या शब्दातच आहे.

आता अमेरिकन फुटबॉलची चौकट. मैदान शंभर यार्डांचं. चेंडू ज्याच्याकडे, त्या संघाने चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. या प्रयत्नाला डाउन म्हणतात. गेले तर आणखी चार डाउन मिळतात, नाही गेले तर चेंडू समोरच्याकडे. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, सहा गुण, आणि त्यावर एक-दोन जादा गुणांची संधी. प्रत्येक डाउन स्नॅपने सुरू होतो: मधला धिप्पाड गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो, क्वार्टरबॅक तो घेतो, मग स्वतः पळतो, कोणाच्या हातात देतो किंवा लांब पास टाकतो. चार-पाच सेकंद धुमश्चक्री, कोणीतरी आडवा होतो, शिट्टी. मग सगळे गोल करून पुढच्या चालीची कुजबुज करतात.

चढाई, पकड, पुन्हा चढाई. कबड्डीच्या प्रेक्षकाला हे परकं वाटायला नको. फरक एवढाच की कबड्डीत चढाया आलटून पालटून होतात, इथे एकच संघ ओळीने दहा-बारा चढाया करू शकतो आणि समोरचा तोवर नुसती पकड करत राहतो. चेंडू ज्याच्या हातात, वेळही त्याच्याच हातात. सगळी मेख इथे आहे.

घड्याळं दोन असतात. एक सामन्याचं: पंधरा मिनिटांचे चार भाग. त्यांना क्वार्टर म्हणतात. आपल्याकडे हा शब्द वेगळ्याच मापासाठी राखीव आहे, तेव्हा मी 'भाग'च म्हणतो. शाळांच्या सामन्यांत हेच भाग बारा मिनिटांचे असतात. दुसरं घड्याळ चालीचं: आधीची चाल संपल्यापासून चाळीस सेकंदांत पुढचा स्नॅप झाला पाहिजे. काही ठराविक खोळंब्यांनंतर पंचवीस सेकंद मिळतात. उशीर झाला तर पाच यार्ड मागे. म्हणजे चाळीस सेकंदांचं घड्याळ दटावतं आणि पंधरा मिनिटांचं घड्याळ मोजतं.

मोजणारं घड्याळ कधी थांबतं? पास कोणी झेलला नाही आणि चेंडू जमिनीवर पडला, तर थांबतं, आणि पुढच्या स्नॅपलाच सुरू होतं. गुण झाला, चेंडूचा ताबा बदलला, कोणी टाइमआउट घेतला, पंचांनी दंड ठोठावायला पिवळा रुमाल टाकला, तरी थांबतं. चेंडू घेतलेला गडी बाजूच्या रेषेबाहेर गेला तरी थांबतं, पण यात एक खुबी आहे. एरवी पंचाने चेंडू जागेवर ठेवून खूण केली की लगेच सुरू होतं. पहिल्या अर्ध्या सामन्याच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि दुसऱ्याच्या शेवटच्या पाच मिनिटांत मात्र ते स्नॅपची वाट बघत थांबून राहतं. आणि गडी मैदानाच्या आत पडला तर? थांबत नाही. सगळे उठेपर्यंत, गोल करून कुजबुजेपर्यंत, पुन्हा रांग लावेपर्यंत पळत राहतं.

महाविद्यालयीन सामन्यांत आणखी एक सवलत होती. दहा यार्ड पूर्ण झाले की घड्याळ थोडं थांबायचं, कारण दहा यार्ड मोजायला मैदानाच्या कडेला दोन काठ्यांना बांधलेली खरीखुरी साखळी असते आणि ती उचलून पुढे न्यायला माणसांना वेळ लागतो. २०२३ पासून ही सवलत फक्त प्रत्येक अर्ध्याच्या शेवटच्या दोन मिनिटांपुरती उरली. उपग्रहाच्या जमान्यात साखळी घेऊन पळणारी माणसं आणि त्यांच्यासाठी थांबणारं घड्याळ, हे मला फार आवडतं.

शेवटच्या दोन मिनिटांचं प्रस्थ एवढं का, याचीही गोष्ट आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे सुपर बोलवाल्या व्यावसायिक लीगमध्ये, प्रत्येक अर्ध्यात दोन मिनिटं उरली की सामना थांबवून दोन्ही संघांना तसं सांगतात. आज हे हास्यास्पद वाटतं, कारण घड्याळ सगळ्यांना दिसतंच आहे. पण पूर्वी तिथेही आपल्या फुटबॉलसारखंच होतं: अधिकृत वेळ मैदानातल्या पंचाकडे, फलकावरचं घड्याळ नुसतं शोभेचं. खरी वेळ किती उरली हे संघांना कळावं म्हणून पंच दोन मिनिटं राहिली की थांबवून सांगायचा. १९७० मध्ये दोन लीग एकत्र आल्या तेव्हा फलकावरचं घड्याळच अधिकृत झालं. सूचनेचं कारण संपलं, सूचना राहिली. आता तो दोन्ही संघांना मिळणारा फुकटचा टाइमआउट आहे आणि वाहिन्यांना जाहिरातींची हमखास जागा. महाविद्यालयांनी इतकी वर्षं हे टाळलं होतं, त्यांनीही २०२४ मध्ये स्वीकारलं. सुपर बोलच्या सकाळी भाच्याने 'दोनच मिनिटं' म्हणून जी हाक मारली, ती अर्धशतकापूर्वीच्या एका पंचाच्या खिशातल्या घड्याळाची होती.

आता हिशेबाला बसू. प्रत्येक संघाला प्रत्येक अर्ध्यात तीन टाइमआउट. समजा, आपण पुढे आहोत, चेंडू आपल्याकडे आहे, पहिला डाउन आहे, दोन मिनिटं उरली आहेत आणि समोरच्याचे टाइमआउट संपले आहेत. क्वार्टरबॅक चेंडू घेतो आणि सरळ गुडघा टेकतो. चाल संपली, दोन सेकंद गेले, गडी मैदानाच्या आत आहे म्हणून घड्याळ चालू. चालीच्या घड्याळातले चाळीस सेकंद जवळजवळ संपेपर्यंत सगळे उभे राहतात. उरले १ मिनिट १८ सेकंद. दुसरा गुडघा: उरले ३६ सेकंद. तिसरा गुडघा, आणि चौथ्याची वेळ येण्याआधीच सामना संपला. एकही पाऊल पुढे न टाकता दोन मिनिटं गिळली. समोरच्याकडे एक जरी टाइमआउट असता तरी त्याने यातले चाळीस सेकंद वाचवले असते. म्हणून तिथले प्रशिक्षक टाइमआउट असे जपतात, जसे आपल्या आज्या गाठीला सुटे पैसे ठेवायच्या. आणि तिसऱ्या भागात एखाद्याने तो उगाच उधळला की टीव्हीसमोर शिव्या खातो.

गुडघा टेकणं ही रिकामी चढाईच, फक्त तिला कोणी 'करो या मरो'चा नियम लावलेला नाही. उलट या रचनेला तिकडे 'विजयाची रचना' म्हणतात. तिची प्रतिष्ठा वाढली ती एका फजितीनंतर. १९ नोव्हेंबर १९७८, न्यू जर्सीतलं ईस्ट रदरफोर्ड. न्यूयॉर्क जायंट्स फिलाडेल्फिया ईगल्सविरुद्ध १७-१२ ने पुढे. काही सेकंद उरलेले, ईगल्सकडे टाइमआउट नाही. क्वार्टरबॅक जो पिसारचिकने गुडघा टेकला असता तर लोक घरी गेले असते. पण वरून आदेश आला, चेंडू धावणाऱ्याच्या हातात द्या. तेव्हा गुडघा टेकणं काहीसं भेकडपणाचं समजत. पिसारचिककडून चेंडू लॅरी झोंकाच्या हातात नीट गेलाच नाही, जमिनीवर उसळला, आणि ईगल्सच्या हर्मन एडवर्ड्सने तो उचलून २६ यार्ड पळत टचडाउन केला. ईगल्स १९-१७ ने जिंकले. फिलाडेल्फियात याला चमत्कार म्हणतात, न्यूयॉर्कमध्ये नुसतं 'द फंबल'. तो आदेश देणाऱ्या सहायक प्रशिक्षकाची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. त्यानंतर पुढे असलेला शहाणा संघ अभिमान बाजूला ठेवून गुडघा टेकतो.

मागे असलेल्याचं गणित उलटं. त्याला घड्याळ थांबवायचं असतं आणि त्यासाठी तो मैदानाची रुंदी वापरतो. पास टाकायचा तो कडेला, झेलणाऱ्याने दोन पावलं कमी पळावं पण रेषेबाहेर जावं. मध्ये झेलला तर घड्याळ चालू, अशा वेळी सगळे धावत रांग लावतात आणि क्वार्टरबॅक चेंडू घेताच पायाशी आपटतो. याला स्पाइक म्हणतात. तो जमिनीवर पडलेला पास मानला जातो, म्हणून घड्याळ थांबतं. किंमत म्हणजे चारपैकी एक डाउन गेला. सेकंद विकत घ्यायचे आणि डाउनने पैसे चुकते करायचे, असा हा सौदा. महाविद्यालयीन सामन्यांत घड्याळात दोनच सेकंद उरले असतील तर हा सौदा बंद. निदान तीन लागतात. आणि चेंडू ज्याच्याकडे त्याच संघाने मुद्दाम किंवा गडबडीत चूक करून घड्याळ थांबवलं, तर शेवटच्या टप्प्यात पंच दहा सेकंद कापून टाकतात. टाइमआउट शिल्लक असेल तर तो देऊन ही कापाकापी टाळता येते. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, तसे नियम करणारे एकेकाळचे खेळाडूच असावेत, असं यावरून वाटतं.

एवढं कळल्यावर मी तो २०१७ चा सामना पुन्हा पाहिला, या वेळी सावकाश, रविवारी दुपारी. अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या भागात न्यू इंग्लंड पेट्रियट्सविरुद्ध २८-३ ने पुढे होते. कबड्डीत याला दोन-तीन लोणांची आघाडी म्हणावं. पेट्रियट्सनी ती कमी करत २८-२० पर्यंत आणली. तरीही चार मिनिटं चाळीस सेकंद उरलेली असताना चेंडू फाल्कन्सकडे होता आणि तोही पेट्रियट्सच्या २२ यार्डांच्या रेषेवर. तिथून किक मारली तरी तीन गुण मिळण्यासारखे, म्हणजे आघाडी अकराची, एका टचडाउनच्या आवाक्याबाहेरची. करायचं एवढंच होतं: चेंडू छातीशी धरून पळायचं, मैदानाच्या आत पडायचं, घड्याळाला खाऊ द्यायचं, मग किक मारायची. फाल्कन्स एकदा पळाले, एक यार्ड मागे आले. मग पास टाकायला गेले. क्वार्टरबॅक मॅट रायन चेंडू हातात असतानाच बारा यार्ड मागे आडवा झाला. पुढच्या चालीत आपल्याच गड्याच्या चुकीने आणखी दहा यार्ड दंड. मग एक पास जमिनीवर पडला आणि घड्याळ थांबलं. आता किक मारायला ते फार लांब आले होते. चेंडू परत द्यावा लागला तेव्हा टॉम ब्रेडीसमोर ९१ यार्ड होते आणि साडेतीन मिनिटं. ५७ सेकंद उरले असताना पेट्रियट्सनी टचडाउन केला, त्यावर दोन गुणांची चाल जमवली, २८-२८. सुपर बोलच्या इतिहासात पहिल्यांदाच जादा वेळ खेळावा लागला आणि पेट्रियट्स ३४-२८ ने जिंकले. लोक ब्रेडीचं कौतुक करतात, ते बरोबरच आहे. पण मला त्या सामन्याचा नायक आणि खलनायक दोन्ही तो एक जमिनीवर पडलेला पास वाटतो. धावत जाऊन मातीत तोंड घातलं असतं तरी चाललं असतं.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, तू आता फारच पुढे गेलास."

या थांबत्या घड्याळाची एक बाजू तीन तास बसणाऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याची. २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने सामन्यांच्या चित्रफिती घेऊन प्रत्यक्ष चेंडू खेळात असलेला वेळ मोजला, तो निघाला सुमारे अकरा मिनिटं. अर्धी घटकाही नाही. बाकी सगळं उभं राहणं, कुजबुजणं, पुन्हा पुन्हा दाखवणं आणि जाहिराती. कबड्डीवाल्याला हा आकडा ऐकून हसू येईल. पण घड्याळ पळत असताना उभं राहणं हाही डाव असतो, हे एकदा दिसलं की त्या रिकाम्या वेळातही डोळा फलकावरून हलत नाही.

टीव्हीचं घड्याळ आणि खेळाचं घड्याळ यांची टक्करही एकदा जाहीरपणे झाली. १७ नोव्हेंबर १९६८, न्यूयॉर्क जेट्स विरुद्ध ओकलंड रेडर्स. जेट्स ३२-२९ ने पुढे, पासष्ट सेकंद उरलेले, आणि भिंतीवर संध्याकाळचे सात. सातला एनबीसी वाहिनीवर 'हायडी' हा मुलांचा चित्रपट जाहीर केलेला होता. वाहिनीने सामना तोडला आणि आल्प्समधली छोटी मुलगी पडद्यावर आली. तिकडे रेडर्सनी नऊ सेकंदांच्या अंतरात दोन टचडाउन करून ४३-३२ ने सामना जिंकला. लोकांनी इतके फोन केले की एनबीसीचा स्विचबोर्ड बंद पडला. तेव्हापासून तिकडच्या वाहिन्या सामना संपेपर्यंत हलत नाहीत. पासष्ट सेकंदांत काय होणार, हा अंदाज आपल्या फुटबॉलच्या कोणत्याही सामन्यात बहुधा बरोबर ठरला असता. या एका खेळात तो चुकतो, कारण पासष्ट सेकंदांत सात-आठ चाली बसू शकतात, फक्त प्रत्येकीनंतर घड्याळ थांबवता आलं पाहिजे.

घड्याळ नसलेल्या क्रिकेटलाही आता घड्याळ चिकटतंय. पुरुषांच्या एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामन्यांत दोन षटकांच्या मध्ये साठ सेकंदांचं घड्याळ लागतं, दोन ताकिदींनंतर पाच धावांचा दंड. डिसेंबर २०२३ मध्ये प्रयोग म्हणून आलेला हा नियम २०२४ पासून कायम झाला. एनएफएलच्या चाळीस सेकंदांचंच हे भावंड, फक्त मोजणारं घड्याळ नाही, नुसतं दटावणारं.

अमेरिकन फुटबॉल आपल्याकडे रुजवायचा एक प्रयत्न होऊन गेला. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियात २०१२ मध्ये मुंबई ग्लॅडिएटर्स आणि पुणे मराठाज अशी नावं घेऊन संघ उतरले होते. हेल्मेट, खांद्यांची ढाल, सगळा जामानिमा. ते काही टिकलं नाही. पण या खेळाचं एक हलकं रूप आहे, फ्लॅग फुटबॉल. पाच-पाच गडी, पाडापाडी नाही. कमरेला लावलेली पट्टी ओढली की गडी पकडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात भरलं होतं. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेट येणार, ही त्या अधिवेशनातली बातमी आपण सगळ्यांनी वाचली. त्याच ठरावात, त्याच दिवशी, फ्लॅग फुटबॉलही आत आलं. त्याची वेळ वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, थेट कबड्डीसारखी. घड्याळ बहुतेक वेळ न थांबता चालतं, आपल्या फुटबॉलसारखं. आणि शेवटच्या दोन मिनिटांत? तिथे ते पुन्हा थांबू लागतं.

भाचा हल्ली उलवेला राहतो. मागच्या खेपेला आला तेव्हा आम्ही संध्याकाळी एका गावठाणात कबड्डी बघायला गेलो होतो. दुसरा डाव, गुण बरोबरीत, वेळाधिकाऱ्याने हात वर केला तेव्हा एक पोरगा चढाईला नुकताच पलीकडे गेला होता. भाचा उठायला लागला. मी त्याचा हात धरून बसवलं. वेळ संपली तरी सुरू झालेली चढाई पूर्ण होऊ देतात, हा कबड्डीचा नियम. स्नॅप झालेली चाल पूर्ण होऊ देतात, हा त्याच्या खेळाचा. पोरगा अजून 'कबड्डी कबड्डी' म्हणत होता, निदान रेषेपासून वीतभर पलीकडे, आणि दम टिकलेला होता.